वाचलेले शंभर रुपये गेले कुठे?

मराठी माणसाला एखादी वस्तू महाग आहे असं सांगून विकता येत नाही, आणि स्वस्त आहे म्हटलं तर तो संशय घेतो. पण ‘तुमचे शंभर रुपये वाचतायत’ एवढं म्हटलं की त्याचा हात आपसूक खिशाकडे जातो. जेवण घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी आपली ही नस बरोबर पकडली आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवतसारख्या गावातून हडपसर, मगरपट्टा, खराडीला नोकरीसाठी गेलेली पोरं रात्री साडेनऊला काय करत असतील, असा प्रश्न गावाकडच्या आईला पडतो. बहुधा तिघं जण तीन फोन समोर धरून एकाच हॉटेलची एकच शेवभाजी तीन खात्यांवरून बघत असतात. कुणाच्या फोनवर जास्त सूट दिसते याचा शोध चालू असतो. या शोधात पाऊण तास जातो, भूक मरते, पण शंभर रुपये वाचतात. या शंभर रुपयांबद्दलच आमचं थोडं म्हणणं आहे. घरपोच जेवणात महाग असतं ते जेवण नव्हे. महाग असते ती एका ताटासाठी रस्त्यावर निघालेली एक स्वतंत्र गाडी. कूपनाने ती गाडी थांबत नाही, तिचं पेट्रोल फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर मांडलं जातं. आणि बरेचदा तो दुसरा म्हणजे आपणच असतो, बिलाच्या खालच्या ओळीतले.

हे बिल जरा जवळून बघू. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे कल्पित घेतले आहेत, ओळी मात्र नेहमीच्या बिलातल्याच आहेत. हॉटेलच्या काउंटरवर शेवभाजी १८० रुपयांना आहे; अ‍ॅपवर तीच २२० ला. चपात्या खालच्या पोळीभाजी केंद्रातून आणलेल्या आहेत. तिथे भाजीही मिळते, पण तिच्यावर सूट नसते, म्हणून ती कुणी घेत नाही. शंभर रुपयांची सूट हवी तर ऑर्डर २९९ च्या वर जायला हवी. मग कुणालाही नको असलेला जिरा राइस आत येतो, काउंटरवर ९० चा आणि इथे ११० चा. झाले ३३०. सूट शंभर, राहिले २३०. पॅकिंगचे २०, घरपोच आणण्याचे ३०, प्लॅटफॉर्म फी १२, खाण्यावर आणि पॅकिंगवर ५ टक्के जीएसटीचे साडेबारा, आणि घरपोच व प्लॅटफॉर्म या दोन शुल्कांवर १८ टक्क्यांप्रमाणे साडेसात. एकूण ३१२ रुपये. वर हिरव्या अक्षरांत अभिनंदन: आपण १०० रुपये वाचवलेत. हीच शेवभाजी खाली उतरून आणली असती तर करासकट १८९ रुपये पडले असते. ‘अहो, पण जिरा राइस मिळाला की!’ मिळाला. तो जमेस धरला तरी काउंटरवर २८३ रुपये ५० पैसेच होतात, म्हणजे शंभर वाचवण्यासाठी साडेअठ्ठावीस रुपये जादा मोजले. शिवाय तो राइस त्या रात्री कुणी खात नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रिजमधून कोरडाठाक बाहेर येतो, आणि ‘वाया कशाला घालवायचा’ असं म्हणत कांदा-मिरचीची फोडणी देऊन संपवला जातो. फोडणीचा खर्च आम्ही धरलेला नाही.

यातली प्लॅटफॉर्म फी ही ओळ खास लक्ष देण्यासारखी आहे, कारण ती वयाने लहान आणि वाढीने दांडगी आहे. एप्रिल २०२३ मध्ये स्विगीने दर ऑर्डरमागे २ रुपये घ्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झोमॅटोनेही २ रुपयेच लावले. दोन रुपयांत हल्ली कुणी भांडत नाही, त्यामुळे कुणी भांडलं नाही. २०२५ च्या सणासुदीपर्यंत दोन्हीकडे ही फी १० रुपयांच्या पुढे गेली होती. अडीच वर्षांत पाच पटींहून जास्त. उसाच्या एफआरपीने, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायच्या किमान दराने, हा वेग दाखवला असता तर दौंड तालुक्यातल्या साखर कारखान्यांसमोर फटाके वाजले असते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून घरपोच आणण्याच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागला. आणि एक गंमत त्याआधीपासूनची आहे: १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून गेलेल्या जेवणाचा ५ टक्के कर भरायची जबाबदारी अ‍ॅपवर आली. एखाद्या टपरीवजा हॉटेलची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, जीएसटीची नोंदणीच नसेल, तर तिच्या बाकड्यावर बसून खाल्लेल्या मिसळीला कर नाही. तीच मिसळ अ‍ॅपवरून मागवली की करपात्र. मिसळ तीच, शेव तीच, तर्री तीच. बाकड्यावरून उठल्याचा तेवढा कर.

मग पूर्वी हे स्वस्त कसं होतं, असं विचारणारे बरोबर विचारतात. सात-आठ वर्षांपूर्वी खरोखरच निम्म्या किमतीत बिर्याणी दारात येत होती. ती अर्थशास्त्राची करामत नव्हती. ते गुंतवणूकदारांनी शहरातल्या पोरांसाठी घातलेलं अन्नछत्र होतं. झोमॅटोने पहिल्यांदा एकत्रित नफा दाखवला तो एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीत, २ कोटी रुपये. आणि ऑगस्टमध्ये २ रुपयांची फी आली. यजमानाला आपल्याच घरच्या चुलीचा खर्च दिसू लागला की पंगतीला दक्षिणा मागितली जाते, यात आश्चर्य नाही. अन्नछत्र आटोपलं, पण जेवणाऱ्यांची सवय आटोपली नाही, आणि धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू सवय हीच होती. उरलेला भार हॉटेलवाल्यावर. साधारण १५ ते ३० टक्के कमिशन गेल्याच्या बातम्या वरचेवर येतात. हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ साली स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. हॉटेलवाला काही धर्मादाय संस्था नाही. त्याने १८० ची शेवभाजी २२० केली, आणि अ‍ॅपने त्या २२० वर आपल्याला सूट दिली. म्हणजे आधी चाळीस रुपये चढवायचे आणि मग उतरवल्याचं श्रेय घ्यायचं. आपल्याकडे कापडदुकानात सेलच्या पाटीला हसणारी माणसं फोनवर मात्र हे निमूटपणे मान्य करतात, कारण इथे पाटी हलते.

खर्च असा इकडून तिकडे ढकलत राहिला तरी मूळ गोष्ट बदलत नाही: एक ताट, एक माणूस, एक दुचाकी, जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर. ही गोष्ट बदलली तर स्वस्ताई येते, आणि ती कशी बदलायची हे याच पुणे जिल्ह्यातल्या माणसांनी एकदा नव्हे, दोनदा दाखवून दिलेलं आहे. पहिलं उदाहरण जिल्ह्याच्या पश्चिमेचं. मुंबईची डबेवाल्यांची पद्धत १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली आणि ती चालवणारी बहुतेक माणसं मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतली. डबा घरून उचलायचा, स्टेशनवर आणायचा, झाकणावरच्या रंगीत खुणा बघून वाटणी करायची, लोकलच्या मालडब्यात चढवायचा, उतरवून पुन्हा वाटायचा. एक डबा तीन-चार हातांतून जातो, पण एका वेळी एकाच्या डोक्यावर तीस-चाळीस डब्यांची चौकट असते. गाडी डब्यासाठी निघत नाही; लोकल तशीही निघालेलीच असते, डबा तिच्यात चढतो. वाटेचा खर्च चाळीस जणांत विभागला की कूपन लागत नाही. दुपारी रिकामा डबा परतही येतो, म्हणजे पॅकिंगची ओळच नाही. आपण घरपोच आलेल्या जेवणाचे प्लॅस्टिकचे डबे धुऊन, पुसून, एकात एक घालून ओट्याखाली रचतो आणि त्यांना झाकणं कधी सापडत नाहीत. खरं तर एवढीच आपली त्या व्यवहारातली निव्वळ शिल्लक.

दुसरं उदाहरण जिल्ह्याच्या पूर्वेचं, थेट यवतचं, आणि ते अधिक धाडसी आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते, आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर असे मुक्काम करत यवतला येते. लोणी काळभोर ते यवत ही मजल पंचवीसेक किलोमीटरची, दुपारचा विसावा उरुळी कांचनला. संध्याकाळी यवतच्या काळभैरवनाथाच्या देवळाशी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी मिळते, आणि या पिठलं-भाकरीसाठीच यवतचा मुक्काम अख्ख्या वारीत ओळखला जातो. भल्यामोठ्या कढयांत पिठलं रटरटत असतं, गुठळी होऊ नये म्हणून गडी माणसं घामाघूम होऊन ते घोटत असतात, आणि घराघरांत थापलेल्या भाकऱ्यांच्या चवडी देवळाकडे येत असतात. आता हा प्रकार केवळ हिशेबाच्या नजरेने बघा. अन्न माणसाकडे नेणं महाग पडतं ना? मग माणसालाच अन्नाकडे आणा. इथे ताट जागचं हलत नाही. ग्राहक स्वतःच स्वतःला पायी घरपोच करतो, तेही टाळ वाजवत. भाकरीवरच पिठलं घेतलं की भांड्याचाही प्रश्न मिटतो. पदार्थ एकच असल्यामुळे ‘काय मागवायचं’ यावर पाऊण तास जात नाही. पाऊस आला तर जादा आकार नाही. उलट पाऊस आला म्हणून सगळे खूश. आणि पंचवीस किलोमीटर चालून आलेल्या माणसाला चवीला किती तारे द्याल असं विचारायची गरज पडत नाही.

‘पण ते फुकट आहे, तो धर्म आहे, त्याची धंद्याशी तुलना कशी करता?’ हा आक्षेप रास्त आहे. मात्र पिठलं फुकट नसतं. बेसन, तेल, मिरची, लसूण, सरपण, आणि भाकऱ्या थापणाऱ्या बायकांचे हात, हे सगळं गावाच्या खात्यावर पडतं. फरक एवढाच, की तो खर्च कुणाच्या खात्यावर पडला हे गावात प्रत्येकाला माहीत असतं आणि ज्याच्या खात्यावर पडला तो वर्षभर अभिमानाने सांगतो. अ‍ॅपच्या सवलतीत खर्च कुणी उचलला हे शोधायला तिमाही अहवाल वाचावा लागतो. आम्ही फुकटेपणाची वकिली करत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे, की खर्च कमी होण्याचे प्रामाणिक मार्ग दोनच: ओझं एकत्र करा, किंवा आपण उठून जा. बाकी सगळी मांडणी आकड्यांची.

या दोन मार्गांच्या मधोमध एक तिसरी पायवाट आहे आणि ती मराठी घरांत कोणतंही अ‍ॅप येण्याआधीपासून मळलेली आहे. तिचं नाव ‘येताना घेऊन या’. बायको फोनवर म्हणते, ‘अहो, येताना अर्धा किलो जिलेबी आणा.’ इथे माणूस तसाही येणारच आहे. जिलेबी फक्त त्याच्या हँडलला लटकते. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीत यवत, केडगावला उतरणाऱ्यांच्या पिशव्यांमध्ये बघावं, निम्मी घरपोच सेवा तिथेच दिसेल. तालुक्याला शिकायला राहिलेल्या मुलाचा डबा सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ देण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी वर्षानुवर्षं चालवली. तिच्यामागेही हेच गणित होतं. या सेवेत माणूस कुठवर पोचला हे नकाशावर दिसत नाही, ‘पोचलोच, पाटीपाशी आहे’ असं तो तासभर सांगत राहतो. प्लॅटफॉर्म फी नसते, पण जिलेबीऐवजी इमरती आणली तर सर्वसामान्य दराने बोलणी बसतात आणि त्यावर कूपन चालत नाही. तरीही हिशेबात ही पद्धत सरस, कारण तिच्यात नवी गाडी रस्त्यावर येत नाही.

आता गंभीर आक्षेपांकडे वळू. पहिला: वेळेचं काय? अर्धा तास चालत जाण्यापेक्षा त्या वेळात माणूस चार पैसे जास्त कमवेल. कमवत असेल तर जरूर मागवावं, त्याचा हिशेब बरोबर आहे. पण सवलतीच्या शोधात पाऊण तास अंगठा झिजवणाऱ्याने वेळेची किंमत सांगू नये. दुसरा: डबेवाल्यांची पद्धत इतकी चांगली होती, तर त्यांचं काम कमी का झालं? २०२० च्या टाळेबंदीने लोकल थांबल्या, कचेऱ्या घरात आल्या, हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण असं, की डब्यासाठी उद्या काय खायचं ते आज ठरवावं लागतं, आणि आपल्याला रात्री साडेनऊपर्यंत काहीच ठरवायचं नसतं. अ‍ॅप आपल्याला शेवभाजी विकत नाही, न ठरवण्याची सोय विकतं. ती सोय खरी आहे आणि तिला किंमत असणं साहजिक आहे. फक्त तिला बचत म्हणू नये. तिसरा आक्षेप कूपनबहाद्दरांचा: नीट वापरलं तर खरंच पैसे वाचतात. वाचतात, कबूल. चार जणांनी मिळून एकदाच मागवलं, बाजूच्याच गल्लीतलं हॉटेल निवडलं, दोनदा भाव ताडून बघितला, तर वाचतात. पण बघा, यातली प्रत्येक युक्ती म्हणजे ओझं एकत्र करणं नाही तर अंतर कमी करणं. कूपनबहाद्दर अजाणता डबेवाल्याचंच तत्त्व पाळतोय.

सगळ्यात जड आक्षेप मात्र बायकांचा आहे आणि त्याला हसण्यावारी नेता येत नाही. ‘घरचं स्वस्त पडतं’ असं म्हणणाऱ्याच्या हिशेबात पीठ असतं, गॅस असतो, भाकरी थापणारी नसते. तिच्या तासाभराला शून्य रुपये धरले की घरचं जेवण जगातल्या कोणत्याही अ‍ॅपला हरवणारच. म्हणजे जी चूक आपण अ‍ॅपच्या नावाने काढतोय, ती घरात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे: खर्च लपवायचा आणि शिलकीचं श्रेय घ्यायचं. हा आक्षेप मान्य केला की आमचा मुद्दा पडत नाही, उलट पक्का होतो. तिच्या श्रमाची ओळ बिलात यायलाच हवी, आणि ती आली की एखाद्या रविवारी पूर्ण भावाने बाहेरून मागवणं हेच न्यायाचं ठरेल. तसंच आजारी माणूस, एकटे म्हातारे आई-वडील, तान्ह्या बाळाची आई, यांच्यासाठी दारात आलेलं गरम जेवण ही चैन नाही. आणि रोजगाराचं म्हणाल, तर ताट घेऊन येणारा मुलगाही बहुतेक वेळा कुठल्यातरी गावाकडचाच असतो. त्याच्या पोटासाठी मागवतो असं म्हणणाऱ्याने मात्र त्याला टीप देताना स्क्रीनवरच्या वीस रुपयांवरून बोट दहावर आणू नये.

तेव्हा ज्यांना खरोखर पैसे वाचवायचे आहेत त्यांच्यासाठी नियम फार नाहीत. ‘वाचवले’ हा आकडा वाचूच नका, ‘द्यायचे’ हा वाचा. सूट दिसली की हॉटेलला एक फोन करून काउंटरचा भाव विचारा; फोन उचलणारा वैतागेल, पण खरं सांगेल. सूट लागावी म्हणून एकही पदार्थ वाढवू नका. त्या वाटेने कुणी येणार असेल तर त्याला सांगा, नसेल तर पायात चप्पल घाला, आणि दोन्ही जमत नसेल तर बिनदिक्कत मागवा, पूर्ण पैसे द्या, पोटभर जेवा. चैन ही चैन म्हणून केली की तिचं ओझं होत नाही आणि ती महिन्यातून किती वेळा झाली हेही ध्यानात राहतं. महिन्याला दोन हजार रुपये वाचवले असं अ‍ॅपवर अभिमानाने बघणाऱ्याने एकदा बँकेचं पासबुक उघडावं आणि ते दोन हजार तिथे नेमके कोणत्या तारखेला जमा झाले ते शोधावं.